छटाक, नवटाक, पावशेर

सांगलीच्या गणपती पेठेत माझ्या ओळखीचा एक हळदवाला आहे. त्याच्या गल्ल्यामागच्या फळीवर आजोबांच्या वेळची लोखंडी वजनं अजून मांडून ठेवलेली आहेत: छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर. पालथी केली की बुडात शिशाचा ठिपका आणि त्यावर पुसट ठसा. (नवटाकीनं पुढे वेगळ्याच दुकानांत नाव कमावलं, तो भाग सोडा.)

प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे १, २, ४, ८, १६ छटाक. त्यामुळे एकेकच नग असला तरी शेराच्या आतले कितीही पुरे छटाक तोलता येतात, आणि वजनं एकाच पारड्यात टाकायची म्हटलं तर तेही एकाच रीतीनं. अकरा छटाक म्हणजे अच्छेर, नवटाक, छटाक. दुसरा मार्गच नाही. संगणकही आकडे असेच लिहितो. वजन पारड्यात असलं तर १, नसलं तर ०. आताच्या दशमान संचात ही ऐट नाही. ४०० ग्रॅमला २०० चंच वजन दोनदा टाकावं लागतं.

एका रविवारी मी १ ते १५ छटाकांचं कोष्टक मांडलं, ओळीत लागणारी वजनं. ओळींत वजनं किती? १, १, २, १, २, २, ३... उजवी कड उंदरानं कुरतडल्यासारखी. पण आठवी ओळ संपली की वरच्या सातही ओळी जशाच्या तशा परत येतात, फक्त प्रत्येकीपुढे अच्छेर. गणितज्ञ नील स्लोन यांनी १९६४ पासून आकड्यांच्या मालिका जमवल्या, त्यांच्या विश्वकोशात हीही आहे.

मग एका वजनाची मापं वेगळी काढली, दोनांची वेगळी. गट पडले ४, ६, ४, १ चे. रिकामं पारडं धरलं तर १, ४, ६, ४, १. पिंगलाच्या छंदशास्त्रावर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधानं लघु-गुरूंसाठी सांगितलेल्या मेरुप्रस्ताराची, म्हणजे आकड्यांच्या त्रिकोणाची, हीच ओळ.

आणखी एक. पंधरा ओळींत चारही वजनं बरोबर आठ-आठ वेळा येतात. म्हणजे झीज सारखीच व्हायला हवी. हे मी हळदवाल्याला मोठ्या हौसेनं सांगितलं. त्यानं पावशेर माझ्या हातात दिला. कडा पार गुळगुळीत.

"अकरा छटाक कोण मागतंय ओ सर? आज्ज्याच्या वेळंला बी गिऱ्हाईक पावशेरच मागायचं."