उरलेले तीन पर्याय

पेपर काढणं म्हणजे प्रश्न काढणं, असा लोकांचा समज असतो. प्रश्न काय, कुणालाही सुचतात, आणि बरोबर उत्तर तर पुस्तकातच असतं. खरा घाम निघतो तो चुकीची उत्तरं तयार करताना. चार पर्यायांतला एक बरोबर, उरलेले तीन चुकीचे. माझी सगळी नोकरी या उरलेल्या तिघांत गेली.

चुकीचं उत्तरही पटण्यासारखं लागतं. १/२ + १/३ किती? ५/६ च्या शेजारी १०० लिहिलं तर कुणी ढुंकूनही बघणार नाही, पर्याय फुकट. २/५ मात्र हवंच. अंशात अंश, छेदात छेद मिळवून मुलं नेमकी तिथंच पोचतात. ०.२५ मोठं की ०.७? पंचवीस सातापेक्षा मोठे, हे पक्कं ठाऊक असलेलं मूल बेधडक ०.२५ वर खूण करतं. 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणारं मूलही त्याच जातीचं. आधी तीन ऐकू आले, आधी तीन लिहिले. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' आणलं, तेव्हा केवढा गहजब झाला! त्यावरचे विनोद मीही वाचले, हसलेही. पण ते ३६ इतक्या पेपरांत पाहिले होते की टीकाकारांच्या बाजूला जाणं काही मला जमलं नाही.

प्रश्न कायम करण्याआधी तो थोड्या मुलांना देऊन बघायचा असतो. पेपर गुणांप्रमाणे लावायचे, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढायचे, आणि कुणी कुठला पर्याय घेतला ते मोजायचं. हुशार मुलं चुकली आणि कच्च्या मुलांचं बरोबर आलं, तर आधी उत्तरसूची तपासायची. बहुतेक वेळा तिथंच गोम निघते, नाहीतर प्रश्नाचेच दोन अर्थ होत असतात.

पण का चुकलं, ते आकडे सांगत नाहीत. मुळशीकडच्या एका शाळेत प्रश्न होता: गटात न बसणारे पद ओळखा. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. आम्हाला अर्थात कोंबडी हवी होती. एका मुलीनं म्हैस निवडली होती, तीही पेन्सिल दाबून दाबून, गोल पार काळाकुट्ट. "म्हैस का गं?" माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघत ती म्हणाली, "बाकीची समदी आमच्याकडं हायेत." यावर समितीत चहा दोनदा आला. एकीसाठी प्रश्न कशाला वगळायचा, असं एक मत होतं. शेवटी प्रश्न गेला, आणि माझ्या मते बरं झालं. पॅरिसच्या मुलांसाठी केलेली बिनेची बुद्धिमापन चाचणी डॉ. कामतांना मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्यानं बेतावी लागली, ती काही हौस म्हणून नव्हे.

एरवी या कामाचं घरात कौतुक शून्य, कारण बोलायचीच सोय नाही. फेब्रुवारी आला की मात्र लांबच्या नात्यातले फोन सुरू. "वहिनी, पेपर नका सांगू हो, फक्त कुठल्या धड्यावर जोर द्यायचा तेवढं सांगा." आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांबाहेर चहाच्या टपरीवर उभं राहिलं, की पोरं शपथेवर सांगत असतात, काहीच येत नसेल तर सर्वांत लांबलचक पर्याय ठोकायचा. ऐकून मी मान खाली घालून चहा पिते. बरोबर पर्यायात 'साधारणपणे', 'बहुतांशी' घालून तो वादातीत करण्याच्या नादात पेपर काढणारे त्याची शेपटी खरंच वाढवून ठेवतात.

सवय काही सुटत नाही. परवा एका बँकेत पासबुक भरायला तासभर उभी होते. काम झाल्यावर बाईंनी अभिप्रायाचा कागद पुढे सरकवला. आमची सेवा कशी वाटली? उत्कृष्ट, उत्तम, चांगली. संपले पर्याय. मी पर्समधून पेन काढलं, खाली चौथा चौकोन आखला, शेजारी 'यापैकी नाही' लिहिलं आणि त्यावर खूण करून कागद परत दिला. बाईंनी तो न वाचताच शिक्का मारला.