आजचा रविवार रॉकेलात गेला
जुन्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ला मोठा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकायचा हट्ट माझाच, म्हटलं ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहायचा काळ) जास्त म्हणजे पॉवर जास्त! गॅरेजवाले काका नुसते हसले आणि हातात ब्युरेट (मापाच्या खुणांची काचेची नळी) दिली. मग बसलो इंजिनाच्या हेडमध्ये रॉकेल सोडून चेंबर (पेट्रोल जळायची जागा) मोजत, ३४६ सीसीला ८.५ कॉम्प्रेशन (मिक्श्चर किती पट दाबलं जातं ते) म्हणजे गॅस्केटसकट वर साधारण ४६ सीसी जागा. मोठ्या कॅमनं इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, भरलेलं मिक्श्चर थोडं मागं जातं, मग तेवढ्याच कॉम्प्रेशनवर खालच्या आरपीएमला गाडी मरगळते. ९.५ करावं तर जागा ४१ सीसीच, त्यात इंजिन एअरकूल्ड, पेट्रोल साधं... घाटात मिक्श्चर आपोआप पेटून खडखडणार ना राव. शेवटी माइल्ड कॅम आणि ९ वर मांडवली. हाताचा वास जाईना, आई ताटावर बसू देत नाहीये 😅