मेलेल्या पेशींचा हिरवा उजेड

आमच्या लॅबमध्ये एसएच-एसवाय-फाइव्ह-वाय या मानवी पेशी वाढवतो. १९७० मध्ये चार वर्षांच्या एका मुलीच्या अस्थिमज्जेतून न्यूरोब्लास्टोमाच्या, म्हणजे लहान मुलांना होणाऱ्या चेतापेशींच्या कर्करोगाच्या पेशी काढल्या, त्यांचा हा वंश. रोज इन्क्युबेटरमधून फ्लास्क काढताना मला ती मुलगी आठवते. अजूनही.

त्या दिवशी पेशींवर अल्फा-बंगारोटॉक्सिन टाकायचं होतं. आपल्याकडच्या मण्याराच्या तैवानमधल्या पट्टेरी चुलतभावाचं हे विष, १९६३ मध्ये चांग आणि ली यांनी वेगळं काढलेलं. जेमतेम ७४ अमिनो आम्लांची साखळी, पण स्नायूंवरचा अ‍ॅसिटिलकोलिनचा रिसेप्टर, म्हणजे चेतांचा रासायनिक निरोप झेलणारं प्रथिन, एकदा धरला की तासन्‌तास सोडत नाही. आम्ही त्याला हिरवा चमकणारा रंग जोडून वापरतो. विष बसलं तिथे रिसेप्टर, असा हिशोब.

दुपारी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशी हिरव्यागार! इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता. धावत जाऊन मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी डोळा लावला आणि विचारलं, "कंट्रोल बघितलास?"

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठीची स्लाइड. तिच्यावर आधीच बिनरंगाचं विष शंभरपट ओतलेलं होतं, म्हणजे सगळ्या जागा अडवलेल्या. ती स्लाइड काळी दिसायला हवी. तीही तितकीच हिरवी. पोटात गोळाच आला.

मग साध्या उजेडात पाहिलं. चमकत होत्या त्या पेशी आक्रसलेल्या, मेलेल्या. दोन वॉशच्या मध्ये मी फोन घेतला होता, तेवढ्यात पेशी वाढवलेल्या पातळ काचा, कव्हरस्लिप, कोरड्या पडल्या. मेलेल्या पेशीचं आवरण फाटतं आणि ती येईल तो रंग पिऊन घेते.

एक प्लेट शिल्लक होती. संध्याकाळी बर्फावर ठेवून, जिवंत पेशींवर सगळं पुन्हा केलं. वॉश होईपर्यंत जागची हलले नाही. या वेळी पेशींच्या कडेला बारीक ठिपके, एकेकीवर मोजून पाच-सहा. तेवढेच असायला हवेत. या पेशींवर अ‍ॅसिटिलकोलिनचे अल्फा-थ्री नावाच्या प्रकारचे रिसेप्टरही असतात, पण हे विष त्यांना शिवत नाही. ते धरतं अल्फा-सेव्हन या दुसऱ्या प्रकाराला. चेतापेशींवर विष बसतं, तरी गँगलियातले, म्हणजे चेतापेशींच्या गाठींमधले, अल्फा-थ्रीवरून जाणारे संदेश थांबत नाहीत, हे कोडं संशोधकांना वर्षानुवर्षं छळत होतं, ते यामुळेच.

कंट्रोल काळी होती. तिसऱ्या स्लाइडवर विषाआधी निकोटिन टाकलं होतं, तंबाखूतलंच; तेही त्याच खाचेत बसतं. तिथले ठिपकेही जवळजवळ गेलेले. डोळ्यांत पाणी आलं.

रात्री मॅडमना तिन्ही फोटो पाठवले. उत्तर आलं, "छान. अजून तीनदा कर."