होमरची पिल्ले: हंगामाआधीचे महिने

होमर म्हणजे लांब नेऊन सोडले तरी घरी परतणारे शर्यतीचे कबूतर. या कबुतरांच्या शर्यतीत वेळ धरली जाते ती पाखरू ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या घरात, शिरल्यावर, छपरावर उतरल्यावर नव्हे. पायातल्या चिपची नोंद ढाबळीच्या दाराशी बसवलेल्या यंत्रावर होते. जुन्या पद्धतीत तर पाखराला हातात घेऊन पायातले रबरी कडे काढावे आणि घड्याळात टाकावे लागते. अंतराला लागलेल्या वेळेने भागून मिनिटाला किती मीटर असा वेग काढतात आणि त्यावरून क्रमांक लागतो. मिनिटाला 1200 मीटरच्या वेगाने दोनशे किलोमीटर आलेले कबूतर पाच मिनिटे छपरावर पिसे साफ करत बसले, तर सहा किलोमीटरची आघाडी तेथेच संपते. म्हणून पिलाला दूरवर सोडण्याआधी आत यायला शिकवावे, या मताचा मी आहे, आणि हंगामाची माझी सगळी तयारी याच एका गोष्टीभोवती फिरते.

पुण्याच्या हवेत लांबच्या उडाणाला थंडी आणि तिच्यामागचे कोरडे दिवस चांगले, त्यामुळे पिल्ले भाद्रपदाच्या सुमारास अंड्यातून बाहेर यावीत अशा बेताने मी जोड्या लावतो. मादी दोन अंडी घालते आणि दुसरे अंडे आल्यापासून सतरा-अठरा दिवसांत पिल्ले फुटतात. पहिले काही दिवस नर आणि मादी दोघेही आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा घट्ट पदार्थ त्यांना भरवतात, आणि पिल्ले डोळ्यांदेखत वाढतात. साधारण आठवड्याच्या आत वर्ष आणि क्रमांक कोरलेले बंद कडे पायात चढवावे लागते. पुढची तीन बोटे एकत्र धरून त्यांवरून कडे सरकवायचे, मागचे बोट पायाच्या नळीला समांतर दाबून कडे त्याच्याही वर न्यायचे आणि मग ते बोट नखाकडून अलगद मोकळे करायचे. दोन-चार दिवस उशीर झाला की पंजा मोठा होतो आणि ते कडे पुन्हा कधीच चढत नाही.

पंखाखालचा उघडा भाग पिसांनी झाकला गेला आणि पिल्लू स्वतः दाणे टिपू लागले की, म्हणजे सुमारे चार आठवड्यांनी, त्याला आईबापांपासून वेगळे करतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाची चोच पाण्याच्या भांड्यात हलकेच टेकवतो, कारण दाणा सापडला तरी पाणी कोठे आहे हे काही पिलांना लवकर उमगत नाही. त्याच दिवसापासून दाणा टाकताना डबा वाजवायचा, आणि एरवी तो कधीही वाजवायचा नाही. मका, ज्वारी, वाटाणा, हरभरा, मूग आणि थोडी करडई असे मिश्रण मी देतो. वाढीच्या दिवसांत कडधान्य जास्त, लांबची उडाणे सुरू झाली की मका आणि करडई जास्त. मोठ्या पाखराला दिवसाला साधारण तीस ग्रॅम दाणा पुरतो. थव्यातली पहिली दोन-तीन पाखरे दाणा सोडून पाण्याकडे वळली की डबा बंद करायचा, हा जुन्या जाणत्यांचा नियम मला कोणत्याही तराजूपेक्षा भरवशाचा वाटतो. उपाशी पिलाच्या पंखांत बळ येत नाही आणि तुडुंब भरलेले पिल्लू हाकेला येत नाही.

पंखांत पुरते बळ येण्याआधीच त्यांना परिसर दाखवायला हवा. ढाबळीच्या दाराला लागून बसवलेल्या जाळीच्या पिंजऱ्यातून ती शेजारची छपरे, पाण्याच्या टाक्या, झाडे पाहत राहतात आणि तेथूनच दाराच्या सळ्या ढकलून आत येतात. पहिल्यांदा मोकळे सोडायचे ते संध्याकाळच्या दाण्याआधी, वारा पडलेला असताना, आणि काठी किंवा फडके दाखवून उडवायचे मुळीच नाही. घाबरून उडालेले पिल्लू भलत्याच छपरावर उतरते आणि तेथून परतण्याची वाट त्याला ठाऊक नसते.

त्यानंतर काही आठवड्यांनी अशी एक सकाळ येते की डोक्यावर घिरट्या घालणारा थवा अचानक दिसेनासा होतो आणि तासाभराने भलत्याच दिशेने परततो. नवख्या माणसाचा जीव टांगणीला लागतो, पण मी याच दिवसाची वाट पाहत असतो. दूरवर सोडण्याची तारीख पंचांगात किंवा दुसऱ्याच्या ढाबळीत शोधू नये. थवा स्वतः लांब जाऊ लागला, की ती आली असे समजावे.

माझी दिशा सोलापूर रस्त्याची आहे, कारण पश्चिमेला सह्याद्रीचे घाट आणि पूर्वेला मोकळे पठार आहे. आधी हडपसर, मग लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत असे अंतर वाढवत जातो. कबुतरे सूर्य आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांवरून दिशा धरतात, वासाचाही आधार घेतात. ओळखीच्या मुलखात तर ती पुष्कळदा रस्त्याच्या कडेकडेनेच उडतात, असे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवून दिले. म्हणून सुरुवातीला सगळा थवा एकदम सोडला, तरी पुढे तीच अंतरे एकेकट्याने उडवून घेतो. दुसऱ्याच्या मागे येणारे पाखरू वाट शिकत नाही. धुके असेल तर टोपली उघडत नाही. भिगवणला सोडणे मी टाळतो, कारण उजनीच्या पाण्यावर थंडीत येणाऱ्या पक्ष्यांमागे ससाणेही येतात.

संक्रांतीच्या आसपासचे सगळे दिवस मात्र ढाबळ बंद असते. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो अजून विकला जातो आणि झाडांवर अडकलेला मांजा सण उलटून गेल्यावरही पंख कापतो. ज्या पाखराला बोटे दुखेपर्यंत जपले त्याचा पंख मुळापासून चिरलेला पाहणे फार जड जाते, आणि त्यासाठी सरावाचे दोन आठवडे बुडाले तरी मला त्याचे काही वाटत नाही.

शेवटच्या टप्प्यात दोन गोष्टी पाहतो. एक म्हणजे पंख: उडाणाची दहा मोठी पिसे आतल्या बाजूने एकेक करून गळतात आणि नवी येतात, तेव्हा एकाच वेळी दोन-तीन पिसे अर्धी वाढलेली असतील, तर त्या पाखराला त्या आठवड्यात घरीच ठेवतो. दुसरी गोष्ट टोपलीची. शर्यतीची पाखरे आदल्या रात्री टोपलीत भरून न्यावी लागतात, म्हणून शर्यतीआधी त्यांना काही रात्री घरीच टोपलीत ठेवून बाहेर अडकवलेल्या पन्हळीतून पाणी प्यायला लावतो. जे पिल्लू गजांतून मान बाहेर काढून पाणी प्यायला शिकलेले नाही, ते सोलापूरहून उन्हात निघाल्यावर वाटेतल्या पहिल्याच शेततळ्यावर उतरते.