एका बाजूने चावणं

गुरुवार, रात्र.

दवाखान्यातल्या खुर्चीत पेशंटने तोंड उघडलं की आधी दातांवरचं किटण सांगतं. डावीकडच्या दाढा घासून गुळगुळीत. उजवीकडे पिवळट थर, तोही पार चावायच्या पृष्ठभागावर चढलेला. जिथे रोज भाकरी चावली जाते तिथे तो असा साचत नाही. म्हणजे उजवी बाजू कित्येक महिने बंद. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “तसा त्रास काही नाही, डावीकडून जेवतो ना.”

सगळं बसवलेलं असतं. गार पाणी डावीकडून, पेरू असेल तर बारीक फोडी करून, रात्री ठणकलं तर लवंग. कुणी मिश्री दाबतं, कुणी अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीशी धरतं. तिने हिरडी भाजून पांढरा चट्टा पडतो तो वेगळाच. लवंगेतलं युजेनॉल घटकाभर बधिरपणा आणतं, कीड जागच्या जागी. पण या दुखण्याचं वेळापत्रक पाठ असतं. उलट रूट कॅनालबद्दल, म्हणजे दाताच्या मुळातली नस काढून ती पोकळी भरण्याबद्दल, जे ठाऊक असतं ते शेजाऱ्याचं ऐकून. वरची दाढ काढली की नजर जाते, हे अजून ऐकू येतं. दाताच्या नसेचा आणि दृष्टीच्या नसेचा काही संबंध नाही.

गार लागून दोन-चार सेकंदांत थांबलं, तर बहुधा साध्या फिलिंगवर भागतं. अर्धा मिनिट ठणकत राहिलं किंवा झोपेतून उठवलं, तर नस वाचणं कठीण. आणि सगळ्यात फसवा दिवस कुठला, तर दुखणं आपोआप थांबतं तो. “बरं झालं” म्हणतात. आत नस मेलेली असते. पुढे मुळाच्या टोकाशी पू धरतो, हाड झिजतं आणि एखाद्या सकाळी गाल सुजतो.

खरी मेख इथे आहे. सुजेने आम्लधर्मी झालेल्या भागात लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, नीट काम करत नाही. म्हणून जो सगळ्यात जास्त थांबला त्यालाच खुर्चीत सगळ्यात जास्त दुखतं, आणि गल्लीत जाऊन तोच सांगतो, “फार दुखतं हो.” ऐकणारे आणखी सहा महिने थांबतात.

अर्थात दोष आम्हा दातांच्या डॉक्टरांकडेही असतो. खालच्या जबड्यात इंजेक्शन दिल्यावर ओठ पाच मिनिटांत जड होतो, पण दाढ बधिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. बाहेर रांग असली की ही मिनिटं खाल्ली जातात. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथा, केसासारखा बारीक कॅनाल, म्हणजे मुळातली नसेची नळी, असतो. तो सुटला तर “करूनही दुखतंय” ही तक्रार खोटी नसते. बाकी काम किचकट पण सरळ: रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा), मुळाची लांबी मोजणं, फाईल (बारीक कानशीने नळी साफ करणं), हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुणं, गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरणं. मग कॅप. दुखायचं थांबलं की कॅपला माणूस येत नाही, आणि पोकळ झालेली दाढ भाकरीतल्या खड्यावर उभी चिरते. मग काढण्यावाचून इलाज उरत नाही.

फार घाबरलेल्या माणसाला, सूज-ताप नसेल तर, पहिल्या भेटीत हत्यार लावू नये. एक्स-रे काढून काळा डाग दाखवावा. दुखलं तर डावा हात वर करा म्हणावं, आणि हात वर झाला की खरंच थांबावं. पहिल्यांदा तो बहुतेक वेळा उगाच वर होतो, आपण थांबतो का ते बघायला. तेव्हाही थांबावं.