स्वेच्छानिवृत्तीनंतरचा मधला काळ आणि कोचिंग

भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम या दोन सरकारी कंपन्यांनी नोव्हेंबर २०१९मध्ये पन्नास वर्षे व त्यापुढच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना खुली केली आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी दोन्ही मिळून ९० हजारांहून अधिक माणसे सेवेतून बाहेर पडली. त्यांतली सुमारे १४ हजार महानगर टेलिफोन निगमची, म्हणजे मुख्यतः मुंबई आणि दिल्लीतली होती. पुढच्या दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी लागू झाली. मिळणारी रक्कम, निवृत्तिवेतन, कंपन्यांचे भवितव्य यांबद्दल त्या वेळी भरपूर लिहिले गेले. तीस वर्षे ठरल्या वेळी डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला एके सकाळी कुठेच जायचे नसते तेव्हा त्याचे काय होते, हा विषय मात्र घराघरांतच राहिला. मी व्यक्तिगत कोचिंगचे, म्हणजे सल्ला न देता प्रश्न विचारून आणि ऐकून माणसाला स्वतःची वाट शोधायला मदत करण्याचे काम करते आणि अशा काही जणांबरोबर मी बसलेली आहे. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

विल्यम ब्रिजेस या अमेरिकी अभ्यासकाने १९८०च्या सुमारास स्थित्यंतराचे तीन टप्पे सांगितले: जुने संपणे, मग एक अधांतरी काळ आणि त्यानंतर नवी सुरुवात. आपल्याकडे पहिल्या टप्प्यासाठी निरोपसमारंभ असतो, शाल-श्रीफळ असते. तिसऱ्यासाठी पेढे असतात. मधल्या काळासाठी काहीच नसते आणि तो काळ कुणाला सहनही होत नाही. भेटेल तो नातेवाईक ‘मग आता पुढे काय ठरलं?’ असे विचारतो. मुलगा म्हणतो संगणक शिका, मेहुणा गावाकडचा प्लॉट सुचवतो, शेजारी म्युच्युअल फंडाचा फॉर्म घेऊन येतो आणि पत्नीला मनातून एवढेच हवे असते की यांनी दिवसभर घरात बसू नये. यांतले कुणीही वाईट चिंतत नाही. परंतु त्या माणसाने काय ठरवावे यात प्रत्येकाचे काही ना काही गुंतलेले असते आणि ते त्यालाही जाणवत असते. म्हणून तो कुणाशीच मोकळेपणाने बोलत नाही. माझ्या मते कोचचा खरा उपयोग इथे आहे: ज्याला तुमच्या निर्णयातून काहीही मिळवायचे नाही, असा एक माणूस ठरावीक वेळी तुमच्यासमोर बसतो आणि तुमचे ऐकतो.

ज्यांचे उदाहरण देत आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे गृहस्थ टेलिफोनच्या केबल जोडण्याचे काम करत. रस्त्यावरच्या खड्ड्यात उतरून, बॅटरीच्या उजेडात, शेकडो तारांच्या जुडग्यातून पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी, पांढरा-करडा असा क्रम लावत ते जोड्या जुळवत. फायबर आणि मोबाइल आल्यावर तांब्याच्या तारांचे ते जाळे आक्रसत गेले आणि त्यांच्या हातातले कसबही त्याबरोबर मागे पडले. पहिल्या भेटीत ते म्हणाले, “मॅडम, आता मला कुणी काही विचारत नाही.” यावर धीर देणारे काहीतरी बोलण्याचा मोह फार होतो. तो आवरून मी विचारले, “शेवटचं कुणी विचारायला आलं होतं, ते कधी?”

त्यांना सोसायटीचा बंद पडलेला इंटरकॉम आठवला. कंत्राटदाराने सगळी वायर बदलायला सांगितली होती. यांनी जिन्याखालचा डीपी बॉक्स, म्हणजे जिथून घरोघरी तारा जातात ती पेटी उघडली, एकेक मजला वगळत गेले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ओल आलेल्या भिंतीत दोष शोधून काढला. हे सांगताना त्यांचे हात हवेत तारा सोलत होते. “त्यातलं नेमकं काय बरं वाटलं?” असे विचारल्यावर ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “फॉल्ट सापडतो ना, तेव्हा. जोडायचं काम काय, कुणीही करेल.” तीस वर्षे आपण तारा जोडतो असे समजणाऱ्या माणसाला आपले मन दोष हुडकण्यात रमत होते हे त्या दिवशी स्वतःच्या तोंडून ऐकायला मिळाले. मी ते सांगू शकले नसते, कारण मला ते ठाऊकच नव्हते.

पुढचे पाऊल त्यांनीच ठरवले. ओळखीच्या एका फायबर कंत्राटदाराकडे जाऊन ओटीडीआर हे यंत्र कसे चालते ते पाहायचे. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा स्पंद सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून दोष किती अंतरावर आहे ते दाखवते. वार ठरला, पण ते गेले नाहीत. तिथली मुले त्यांच्या मुलाच्या वयाची होती आणि त्यांना ‘हे कसं करतात?’ असे विचारणे जड जात होते. त्यानंतरचा आमचा पूर्ण तास या संकोचावर गेला आणि तो सगळ्यांत उपयोगी तास होता असे मला वाटते. आता ते आठवड्यातून काही दिवस त्या कंत्राटदाराबरोबर जातात. पैसे फार मिळत नाहीत आणि पुढेही हेच करायचे का, हे त्यांचे अजून ठरलेले नाही.

या पद्धतीचे एक मूळ खेळात आहे. टिमोथी गॅलवे या अमेरिकी टेनिस प्रशिक्षकाने १९७०च्या दशकात खेळाडूला सूचना देणे कमी केले आणि येणाऱ्या चेंडूची शिवण पाहायला सांगितले. लक्ष तिथे गेले की शरीर आपोआप सुधारणा करते, असे त्याचे निरीक्षण होते. पूर्वी मोटारशर्यतींत उतरणारे ब्रिटनचे जॉन व्हिटमोर यांनी हा विचार कामाच्या ठिकाणी नेला आणि ‘ग्रो’ ही चौकट प्रचारात आणली: ध्येय, सद्यःस्थिती, पर्याय, निश्चय. नवखे कोच ध्येयावर फार रेंगाळतात असे मला दिसते. ज्याचे जुने जग नुकतेच संपले आहे त्याला पाच वर्षांनंतरचे चित्र रेखाटायला सांगणे हे निर्दयपणाचे आहे. अशा वेळी सद्यःस्थितीवरच कितीतरी भेटी खर्च झाल्या तरी चालतात.

कोचिंग कुठे थांबते हेही स्पष्ट सांगायला हवे. झोप उडाली असेल, खाण्यावरची वासना गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असे वाटत असेल, तर कोचकडे न जाता मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती रुजवली आणि ठाण्याच्या आयपीएचसारखी (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्था तीन दशकांहून अधिक काळ मानसिक आरोग्याचे काम करते आहे. इतकी चांगली परंपरा जवळ असताना कोचने उपचारकाची जागा घेऊ पाहणे मला मुळीच मान्य नाही. त्याहूनही मला सलते ती दुसरी गोष्ट. बदल माणसाने स्वतः निवडलेला नसतो, तंत्रज्ञान आणि धोरणे तो त्याच्यावर आणून टाकतात, आणि तरीही ‘सगळा तुमच्या मानसिकतेचा प्रश्न आहे’ असे त्याला सांगणारे व्याख्याते गर्दी खेचतात. गेलेली नोकरी हे खरे नुकसान आहे आणि ते नुकसान म्हणूनच ऐकून घेतले पाहिजे.

भारतात कोच म्हणून काम करायला कायद्याने कोणताही परवाना लागत नाही, त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. प्रशिक्षण कुठे घेतले, एकूण किती तास काम केले, बोलणे गुप्त राहील याची लेखी हमी आहे का, मधेच थांबायचे असल्यास भरलेल्या पैशांचे काय, हे सारे पहिल्याच भेटीत विचारावे. यशाची खात्री देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. १९९५मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचे एसीसी हे पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि किमान १०० तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. त्या १०० तासांतले काही विनामोबदला असले तरी चालतात. त्यामुळे ही पायरी चढू पाहणारे, अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली शिकणारे कोच अनेकदा कमी शुल्कात किंवा शुल्क न घेताही वेळ देतात. ज्यांचे नेहमीचे उत्पन्न नुकतेच थांबले आहे त्यांनी आधी तिथे चौकशी करावी.