समुद्र ड्रायव्हरच्या बाजूला

पार्ट्या सहसा फोनवर एकच गोष्ट बजावतात, ड्रायव्हर कमी बोलणारा पाठवा. त्यांचंही खरं आहे, आमच्या धंद्यात बडबडे फार. त्यामुळे ऑक्टोबरात एका बाईंचा फोन आला आणि त्यांनी "तुम्ही बोलके आहात का हो?" असं विचारलं, तेव्हा मला वाटलं नंबर चुकला.

भाडं पुणे ते आंजर्ले. ताम्हिणीने घाट उतरायचा, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला जायचं, तिथे गाडी बोटीवर चढवून खाडी ओलांडायची, आणि पलीकडे वेसवीपासून समुद्राच्या कडेकडेने केळशी, आडे, आंजर्ले. महाडवरून गेलो तर बोटीची कटकट नाही, हे मी सांगून पाहिलं. "नको, ह्यांना ह्याच रस्त्याने जायचंय," बाई म्हणाल्या.

पहाटे साडेपाचला गाडी लावली. जिन्यावरून काकू उतरल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागोमाग सर. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सरांना दिसत नव्हतं. काचबिंदूने नऊ वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. काकूंना घाट लागतो, म्हणून त्या उलटीची गोळी घेऊन मागे आडव्या होणार. म्हणजे पुढे सर बसणार आणि बघून सांगणार मी. "ओकू तरी शकते नाहीतर बोलू तरी," काकू उशी सारखी करत म्हणाल्या, "दोन्ही नाही होत माझ्याच्यानं."

पौड मागे पडलं तसं उजाडलं आणि परीक्षा सुरू झाली.

"बाहेर काय दिसतंय?"

"डोंगर."

"कसा?"

"हिरवा."

सर जरा थांबले. "दहापैकी दोन."

एकोणीस वर्षं मी ह्या रस्त्यावर आहे. कुठल्या वळणावर एसटी आपली कड सोडत नाही, पावसाळ्यानंतर खडी कुठे सुटते, धुक्यात पांढरा पट्टा कुठे संपतो, सगळं हातांना पाठ आहे. पण डोंगराकडे बघायचे मला कुणी पैसे दिलेले नाहीत. सर म्हणाले, "कड्यावर आडव्या रेघा असतील, त्या मोजा." मी एका डोळ्याने मोजल्या. पाच तरी होत्या, काळा कातळ, मग गवताची पट्टी, परत कातळ, घडवंचीवर गोधड्या रचाव्यात तशा. तसं सांगितलं. सर म्हणाले, एकेक गोधडी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मार्क चारवर गेले.

मुळशीचं पाणी लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, हे कुठे जातं? मी आपलं पुण्याला म्हणालो. ते हसले. मुळा पूर्वेला वाहते, पण ह्या धरणातलं पाणी टाटांनी डोंगरातून पश्चिमेला वळवलं. खाली कोकणात भिऱ्याला त्याची वीज होते. ह्याच धरणात जमिनी जाणार म्हणून 1921 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापटांचे सेनापती बापट झाले ते त्यातच. इतक्या वेळा ह्या पाण्याकाठी चहा प्यायलोय, पण ते उलट्या दिशेला जातं हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

ताम्हिणी गाव गेलं आणि उतार सुरू झाला. पाऊस नुकताच संपलेला, धबधब्यांच्या दोऱ्या झालेल्या. पिवळी फुलं म्हणालो तर सरांनी पाकळ्या कशा आहेत ते विचारलं, गाडी हळू करून बघायला लावलं आणि म्हणाले, सोनकी. पुढे एक खडीचा ट्रक रडतखडत उतरत होता. जळका वास आला. मी काच वर केली आणि सरळ पट्टा मिळाल्यावर त्याला मागे टाकलं.

दोन वळणांनंतर सर म्हणाले, "तो ट्रक मागे गेला ना?"

"केव्हाच."

"मग वास का येतोय? आणि माझ्या बाजूने येतोय."

ड्रायव्हरला असं कुणी सांगितलेलं आवडत नाही. घाटात ब्रेकचा वास येतोच, असं म्हणणार होतो. पण माणसाचा आवाज असा होता की मी पहिल्या रुंद जागेवर गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला आणि डावीकडे गेलो. पुढच्या डाव्या चाकातून धुराची बारीक रेघ निघत होती. रिमजवळ हात नेला तर दोन इंचांवरूनच झळ लागली.

सकाळपासून गाडी किंचित डावीकडे ओढत होती, मला ते जाणवलंही होतं. रस्त्याचा उतार असेल म्हणून सोडून दिलं. आदल्याच दिवशी ओळखीच्या गॅरेजात पुढचे ब्रेकपॅड बदलून घेतले होते. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक अडकली होती, त्यामुळे पाय काढला तरी पॅड डिस्कला सोडत नव्हता. घाटभर ते चाक ब्रेक लावूनच फिरत आलं होतं. आणखी तापलं असतं तर ब्रेकऑइल उकळलं असतं, नळीत वाफ धरली असती, आणि मग पाय पेडलवर दाबावा तर तो तळापर्यंत जातो, हाताला काही लागत नाही. अर्धा घाट अजून खाली होता.

"पाणी मारायचं का?" काकू मागून उठल्या होत्या. नाही म्हटलं, तापल्या डिस्कवर पाणी मारलं की ती वाकडी होते. आपोआपच निवू द्यायची. पाऊण तास लागला. मी बोनेटला टेकून उभा होतो. तंबाखू मळायला घेतली तर बोटांतून सांडली.

"घाबरलास?" सरांनी विचारलं. अहोचा अरे झालो तो तिथे.

"नाही सर."

"मी घाबरलो. तू पण घाबर थोडा."

मग त्यांनी मला समोरची दरी सांगायला लावली. मुद्दाम असणार, आता कळतं. तळाशी नदी आहे का, धूर कुठून निघतोय, वाडी आहे की नुसती भातखाचरं. खाचरं पिकली होती, काही कापलेली, काही उभी. वरून बघताना चपातीला जागोजागी डाग पडल्यासारखी दिसत होती. हेही बोलून टाकलं. मार्क द्यायचं ते विसरले, की त्यांनी सोडून दिलं, कुणास ठाऊक.

चाक हाताला सोसवेल इतकं झाल्यावर जॅक लावला, चाक काढलं, पान्याच्या मुठीने कॅलिपर ठोकून मागे सरकवला. ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं, हे उस्तादाने शिकवलेलं. मी त्याच्याही एक खाली, पहिल्या-दुसऱ्यात गाडी विळ्यापर्यंत आणली. माणगावात मिस्त्रीने पिन बाहेर काढली तर कोरडी ठणठणीत, ग्रीसचा टिपूस नाही. साफ करून, ग्रीस भरून बसवली. दीडशे रुपये घेतले. गॅरेजवाल्याला मी तिथूनच फोन केला, त्यातले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. काकूंनी ऐकले मात्र.

म्हसळ्याचा रस्ता नेहमीसारखा, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बागमांडल्याला बोट पलीकडे होती. रांगेत उभे राहिलो तोच सर म्हणाले, ओहोटी आहे. चिखलाच्या वासावरून. मला ते धक्क्याच्या उतारावरून कळलं, कारण ओहोटीला बोटीची फळी खाली जाते आणि चढताना पुढचा बंपर घासायची भीती असते. एकच गोष्ट, दोघांना दोन ठिकाणी लागलेली. गाडी तिरकी घेऊन चढवली, घासली नाही.

बोट सुटल्यावर त्यांना कठड्यापाशी नेलं. ही सावित्री. महाबळेश्वरच्या एकाच देवळातून निघायचं, कृष्णेने 1400 किलोमीटर चालत बंगालचा उपसागर गाठायचा आणि हिने शंभरेक किलोमीटरमध्ये घरी पोचायचं, असं ते वर्गात सांगत. मी गप्प होतो. मला सावित्री म्हटलं की 2 ऑगस्ट 2016 ची रात्र आठवते, महाडचा इंग्रजांच्या वेळचा पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या अंधारात गेल्या. ते ड्रायव्हर काही नवशिके नव्हते, आणि पुढे पूल नाही हे सांगायला त्यांच्या शेजारी कुणी बसलेलं नव्हतं. हे मी सरांना बोललो. त्यांनी माझा दंड धरला होता, तो पलीकडे लागेपर्यंत सोडला नाही. नवीन पुलाचे नुसतेच खांब पाण्यात उभे होते, ते मोज म्हणाले, पण मोजून व्हायच्या आत वेसवी आलं.

कोकणात दक्षिणेला जाताना समुद्र उजवीकडे असतो, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. पैसे भरणारा डावीकडे बसून झाडं बघतो आणि समुद्र आमच्या वाट्याला. त्या खिडकीचा मला आजवर एकच उपयोग, पिंक टाकायला. केळशी सोडून आड्याकडे रस्ता पार पाण्याशी उतरला तसं सर म्हणाले, "तुझी काच खाली कर. इंजिन बंद कर."

केलं. काकूही उठून बसल्या.

"लाट परत जाताना चुळचुळतेय," ते म्हणाले. "खाली गोटे आहेत, वाळू नाही."

बघितलं. काळे, गुळगुळीत, नारळाएवढे गोटे होते. पाणी ओढलं गेलं की एकमेकांवर घरंगळत होते.

आंजर्ल्याला पोचायला सूर्य कलला. मुक्कामी जायच्या आधी कड्यावरच्या गणपतीला जायचा त्यांचा हट्ट. दर्शन उरकलं पण त्यांना खरं हवं होतं ते बाहेर. तिथून हर्णैचा किनारा आणि सुवर्णदुर्ग दिसतो. लहानपणी वडिलांबरोबर त्यांनी तो तिथूनच बघितला होता. तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला 1755 मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे ते अजूनही चिडून सांगत होते, काल झाल्यासारखं.

"आता सांग. कसा दिसतो?"

मी वेळ घेतला. तोवर मला कळलं होतं की "छान" म्हटलेलं चालत नाही.

"म्हैस पाण्यात बसलीय सर. पाठ तेवढी वर. तोंड पाण्यात."

सर इतके हसले की काकूंनी त्यांना कठड्यावरून मागे ओढलं. "इतकी वर्षं जलदुर्ग म्हणून शिकवला," ते म्हणाले, "एकदा म्हैस म्हणालो असतो तर पोरांच्या लक्षात राहिला असता."

रात्री जेवण झाल्यावर झोपायच्या आधी मी बॅटरी घेऊन अंगणात गाडीपाशी गेलो. डावं चाक, मग उजवं, उलट्या हाताने रिमला लावून पाहिलं. पडवीत सर बसले होते. दिव्याचं त्यांना काम नाही, म्हणून अंधारातच. माझ्या चपलांचा आवाज त्यांनी ओळखला असणार.

"थंड?"

"थंड आहे सर. दोन्ही."

"मग झोप."